महिरपी कंसातले काका

माझ्या आत्याच्या यजमानांइतका शिस्तशीर वेडा माणूस घाटाच्या वर दुसरा नाही, आणि घाटाखाली असता तर त्याचा आवाज एव्हाना लोणावळ्यापर्यंत आला असता. मी त्यांना काका म्हणते. काका तळेगावजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत आयुष्यभर काम करत होते. निवृत्त झाले तेव्हा खोली तिथेच राहिली, पण कॉम्प्युटर त्यांच्या अंगात शिरून घरी आला. त्यांचं सगळं प्रेम शेल स्क्रिप्टवर. शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेल्या आज्ञा. तो त्या वरून खाली मुकाट्याने पाळत जातो. पण सुट्या आज्ञा काकांना बघवत नाहीत. ओट्यावर झाकण न लावलेलं दूध दिसल्यावर आत्याचा चेहरा जसा होतो, तसा सुटी आज्ञा दिसली की काकांचा होतो. चार आज्ञा एकत्र घ्यायच्या, भोवती कंस घालायचा, त्या गटाला एक नाव द्यायचं, म्हणजे झालं फंक्शन. पुन्हा तेच काम हवं असलं की चार ओळी लिहायच्या नाहीत, फक्त त्या नावाला हाक मारायची. “एकदा बांध आणि मग नुसती हाक मार,” हे त्यांचं जीवनाचं सार होतं, आणि ते त्यांनी फक्त कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

कॉलेज संपल्यावर नोकरी लागेपर्यंत मी लोणावळ्याला त्यांच्याकडे राहायला गेले. पहिल्याच सकाळी दाराच्या मागे चिकटवलेला एक कागद दिसला. वर मोठ्या अक्षरात ‘निघ’ असं लिहिलेलं आणि खाली महिरपी कंसात क्रमाने कामं: गॅस बंद, नळ बंद, गॅलरीचं दार, दिवे, किल्ली खुंटीला, मुख्य दार ओढून घेणे. काका चपला घालून मोठ्याने “निघ!” म्हणत आणि घरातल्या प्रत्येकाने आपापलं काम करायचं. पाहुण्यांनाही सूट नव्हती. आत्याच्या एका ऐंशी वर्षांच्या मामी दोन दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांच्याकडे गॅलरीचं दार आलं. त्या बिचाऱ्या “निघ” ऐकल्यावर आपल्यालाच घालवतायत असं समजून पिशवी भरायला लागल्या. आणि एक दिवस आम्ही सगळे यादीबरहुकूम निघालो. किल्ली खुंटीला लावली, दार ओढून घेतलं, कुलूप खट्‌कन बसलं, आणि किल्ली आत खुंटीवर शांतपणे झुलत राहिली. आत्याने कपाळावर हात मारला. काका मात्र आनंदाने जिन्यातच टाळी वाजवून म्हणाले, “क्रम चुकला! गट शाबूत आहे, फक्त क्रम चुकला!” किल्लीवाला येईपर्यंत तासभर त्यांनी शेजाऱ्यांना जिन्यात बसवून आज्ञांच्या क्रमाचं महत्त्व सांगितलं. शेजाऱ्यांनी चहा दिला. आत्या म्हणाली, “हा चहा तुमच्या कोणत्या यादीत होता?”

महिरपी कंस हा शब्द मला काकांनी शिकवला. मी इंग्रजी शाळेतली, मला फक्त ‘कर्ली ब्रॅकेट’ माहीत. महिरप म्हणजे काय हे मला ठाऊक नाही, हे कळताच त्यांनी मला हाताला धरून बाजारातल्या देवळापाशी नेलं आणि दारावरची नक्षीदार कमान दाखवली. “ही बघ महिरप. आता ही आडवी कर. झाला कंस.” मी भर रस्त्यात मान वाकडी करून देवळाकडे पाहत उभी राहिले, आणि मला ती दिसली. त्या कंसानंतर एक जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर कॉम्प्युटर ओळखत नाही. काका म्हणत, “दारात पाहुण्याला चपला काढायला जागा नको?” आणि एका ओळीत लिहिताना कंस मिटवण्याआधी अर्धविराम द्यावा लागतो. “ताकभात खाल्ल्याशिवाय पानावरून उठायचं नाही.” हे कंस ते बोलतानाही वापरत. गटाची गोष्ट सुरू झाली की डावा हात हवेत महिरप काढून तिथेच थांबायचा आणि गोष्ट संपली की उजवा हात ती मिटवायचा. भाजीवालीपुढे डावा हात उघडून “बटाटे, मिरची, आलं, कोथिंबीर,” आणि उजवा हात मिटवून, “हे सगळं एका पिशवीत.” तीन नळ आणि एकच बादली, असं ते या युक्तीला म्हणत, कारण स्क्रिप्टमध्येही असा कंस घातला की आतल्या सगळ्या आज्ञांचं उत्तर एकाच फाईलमध्ये ओतता येतं. भाजीवाली इतकी तयार झाली होती की उजवा हात मिटल्याशिवाय ती वजन करायची नाही. एकदा मध्येच कुणीतरी ओळखीचं भेटलं आणि काका डावा हात तसाच हवेत ठेवून वीस मिनिटं गप्पा मारत बसले. येणारे-जाणारे वाकून नमस्कार करायला लागले. आत्या घरी म्हणायची, “आधी तो कंस मिटवा, मग जेवायला बसा.”

साधा गोल कंस मात्र त्यांनी भांडणासाठी राखून ठेवला होता. गोल कंसात घातलेल्या आज्ञा कॉम्प्युटर एका वेगळ्या खोलीत जाऊन पाळतो. तिथे काय बदल करायचे ते करा, बाहेर आलं की इकडचं सगळं होतं तसंच. महिरपी कंसाचं उलटं. आत जे बदललं ते बाहेरही बदललेलंच राहतं. त्यामुळे आत्याशी वाद व्हायला लागला की काका म्हणत, “चल, गोल कंसात,” आणि दोघं गॅलरीत जात. दार लावून दहा मिनिटं हातवारे चालत. मग काका बाहेर येऊन अगदी कोऱ्या चेहऱ्याने विचारत, “आज आमटी कसली?” आत्या मला हळूच म्हणाली होती, “यांचा राग गॅलरीत राहतो गं. माझा माझ्याबरोबर आत येतो. माझे सगळे कंस महिरपीच.”

फंक्शनना ते माणसांची नावं देत. दोन-दोनदा तपासणाऱ्या फंक्शनचं नाव ‘आत्या’, कारण ती गॅसचं बटण दोनदा बघते. सगळ्या फायलींत डोकावून एकाही फायलीला हात न लावणाऱ्याचं नाव ‘शेजारी’. एकदा स्क्रीनवर मला माझं नाव दिसलं. ‘मुक्ता’, मग महिरपी कंस, आत फक्त एकाखाली एक दोन ठिपके, आणि कंस बंद. “हे काय करतं?” मी विचारलं. “काही नाही. पण फंक्शन रिकामं ठेवलं तर कॉम्प्युटर चूक दाखवतो. आत निदान हे दोन ठिपके हवेत. त्यांचा अर्थ, इथे काही करू नकोस, पुढे जा. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. तू काही बोललीस की भरू.” मला वाईट वाटायला हवं होतं, पण ते खरंच होतं. मी चारचौघांत बोलत नाही. मराठीत बोलताना चुकेन म्हणून बोलत नाही आणि इंग्रजीत बोलले तर शिष्ट वाटेन म्हणून बोलत नाही, मग उरतात फक्त दोन ठिपके.

आता आबांबद्दल. पवनानगरला धरणाच्या पाण्यालगत आबांची जमीन आहे. आबा काकांच्याच कारखान्यात मशीनवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी त्या जमिनीवर तंबू लावले आणि सहलीला येणाऱ्यांना जेवण द्यायला सुरुवात केली. रविवारी दुपारच्या जेवणाला पुण्याकडून गटच्या गट येतात. कोण किती जण येणार हे आबा फोनवर ऐकून एका बोटाने कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरत, आणि रोज सकाळी सातला काकांची स्क्रिप्ट स्वयंपाकघरासाठी यादी छापून देई: अमुक गट, इतकी माणसं, इतकं बिनतिखट. ही स्क्रिप्ट म्हणजे काकांचा जीव होता. कारखान्यातली त्यांची सगळी स्क्रिप्टं नवीन लोकांनी काढून टाकली होती. जगात कुठेतरी रोज सकाळी उठून काम करणारं त्यांचं असं हे एकच उरलं होतं. दर रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून दुधिवऱ्याच्या खिंडीतून पवनानगरला नेत, फक्त यादी छापून बाहेर येताना बघायला. आबांना मात्र यंत्रावर कधीच भरवसा नव्हता. त्यांची जुनी जाड वही पत्र्याच्या पेटीत तयार होती. “भाऊ, तुमी म्हंता म्हून चालवतोय,” ते दर रविवारी बजावत. “पर येकदा जरी चुकलं ना, तर वही भायेर काडनार. मग तुमचं त्ये कंस न्या लोनावळ्याला.” काका हसत, पण परत येताना खिंडीत स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवत.

जानेवारीत काकांनी मला एक काम दिलं. रद्द झालेली बुकिंगं यादीत छापली जायला नकोत, त्यासाठी एक छोटं फंक्शन लिही. मला इतका आनंद झाला की मी ते तीनदा लिहिलं आणि तीनदा सुबक केलं. गट रद्द असेल तर इथूनच बाहेर पड, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी दोन शब्द आहेत. ‘रिटर्न’ म्हटलं की कॉम्प्युटर त्या फंक्शनमधून बाहेर येतो आणि पुढच्या गटाकडे वळतो. ‘एक्झिट’ म्हटलं की तो अख्खी स्क्रिप्टच सोडून निघून जातो. मी एक्झिट लिहिलं. तपासताना मी तक्त्यात एकच गट ठेवला होता, तोही रद्द. एकच गट असला की दोन्ही शब्द अगदी सारखे वागतात. यादी कोरी आली, मी खूश, काका माझ्यापेक्षा खूश. त्यांनी पाहिलंही नाही. “तू लिहिलंयस म्हणजे तीनदा बघितलं असशील,” म्हणाले.

त्या रविवारी आम्ही अकराला पोचलो, कारण स्कूटर खिंडीत बंद पडली होती. स्वयंपाकघर तिकोणा पेठेतल्या एक मावशी सांभाळतात. त्यांच्या हाताखाली चार बायका. सगळ्या उन्हात बसून वाल सोलत होत्या, अगदी निवांत. मावशींनी यादीचा कागद दाखवला. “बगा की भाऊ, नऊच मानसं आज. मी आबांना म्हनलं, ऐतवार आन नऊच? तर म्हनत्यात, मला आता कुटं ध्यानात ऱ्हातंय, कागद सांगतोय तर नऊच.” कागदावर एकच गट होता. काका कागदाकडे बघतच होते, तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. एक बस वळून आत आली, मागे दुसरी, मागे तीन गाड्या. माणसं उतरायला लागली ती थांबेचनात. पोरं, आज्या, एक वाढदिवसाची मुकुट घातलेली बाई, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, जेवण कुठे आहे. आबा धावत आले. “बासष्ट! बासष्ट मोजली मी! आन आत नवांचा भात!”

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. यादीतला पहिला गट नऊ जणांचा. दुसरा रद्द. तिथे कॉम्प्युटरने माझा शब्द वाचला आणि बाकीचे सगळे गट तसेच सोडून तो घरी निघून गेला. मी तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर आलं नाही.

मावशींनी मात्र तोंड उघडलं. वालाचं सूप बाजूला सारून त्या उभ्या राहिल्या आणि एकच हाक दिली, “पोरींनो, लग्नाचं धरा!” आणि चौघी उडाल्या. एकीने मोठी चूल पेटवली, एकीने इंद्रायणीचा तांदूळ धुवायला घेतला, एक भाकरीचं पीठ मळायला बसली, एकीने बेसनाचा डबा काढला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. काकांचे डोळे चमकले. त्या सगळ्या गोंधळात, बासष्ट भुकेल्या माणसांच्या समोर, त्यांचा डावा हात हवेत गेला. “मुक्ता, बघ! एक नाव घेतलं आणि आत वीस आज्ञा! कंस नाही, अर्धविराम नाही! ह्या बाईने फंक्शन केलंय!” आबा ओरडले, “भाऊ, तुमचं फंक्शन ऱ्हाऊ द्या आन कांदं कापा!” काकांनी उजव्या हाताने कंस मिटवला आणि कांद्याला बसले. मी ताटं पुसली, पाणी भरलं, मुकुटवाल्या बाईंना सतरंजी दिली. आबांनी पाहुण्यांना होडीत बसवून धरणावर एक फेरी मारून आणली, आणि दीड वाजता पिठलं, भाकरी, भात, ठेचा अशी पंगत बसली. लोक बोटं चाटत जेवले. मुकुटवाल्या बाई म्हणाल्या, असं साधं गावरान जेवण मुद्दाम ठेवलंत ते छान केलंत. मावशींनी पदराआड हसून घेतलं.

पाहुणे पाण्याकडे गेल्यावर आबांनी पेटी उघडली आणि वही काढून काकांच्या समोर ठेवली. ते रागावलेले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. “भाऊ, उद्यापास्नं वही. तुमी लय केलंत आमच्यासाटी. पर आता वही.” काकांचे डोळे कांद्याने आधीच लाल होते. ते म्हणाले, “बरोबर आहे आबा. चूक माझी. फाईल माझी, चूक माझी.” बस्स, एवढंच. हातवारे नाहीत. दोन्ही हात मांडीवर. मी त्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदाच हात स्थिर ठेवून बोलताना पाहिलं, आणि ते मला सहन झालं नाही.

“आबा,” मी म्हणाले, “ते मी लिहिलंय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा मावशींकडे वळले. “ही बोलती व्हय?”

“बोल गं पोरी,” मावशी म्हणाल्या.

मला एक्झिट आणि रिटर्न सांगायचं होतं, पण मराठीत ते कसं सांगतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. समोर उष्टी पत्रावळ होती. मी म्हणाले, “पंगतीत एका माणसाने सांगितलं, मला जेवायचं नाही. तर त्याला सोडून पुढच्या पानावर वाढायचं असतं. मी... मी सगळी पंगतच उठवली.”

मग मावशी अशा हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. “आगं माजे बाई! येक उठला म्हून पंगत उठती व्हय? सोयऱ्याधायऱ्यात आसं क्येलं आसतंस तर जल्मभर बोलनं ऐकलं आसतंस!” चौघी बायका हसायला लागल्या. आबांनी हसू मिशीत दाबायचा प्रयत्न केला. “मंग? आता दुरुस्त करायला किती दीस?”

“एक शब्द बदलायचा,” मी म्हणाले.

“येका शब्दापायी बासष्ट मानसं उपाशी?”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

आबा बराच वेळ वहीवर हात फिरवत बसले. शेवटी मावशीच बोलल्या. “वही ऱ्हाऊ द्या पेटीत. आवो, वहीत तर तुमी मागं येका दिवाळीला अख्खं पान चुकला व्हता, त्ये कुनी तुमाला सांगितलं न्हाई इतकंच. हिनं सांगितलं तरी.” आबांनी खाकरून पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं. पर कागद आला की आदी मावशी बगनार. त्यांनी व्हय म्हनलं तर चूल पेटनार.” काकांचा डावा हात हळूच वर आला. “आबा, मावशींना फंक्शनमध्ये घ्यायचं म्हणजे...” आबा म्हणाले, “भाऊ, च्या घ्या.”

परत येताना खिंडीत काकांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “पंगत उठवली. आयुष्यभर मी हे लोकांना समजावून सांगतोय आणि मला हे सुचलं नाही.” आणि पुन्हा किक मारली.

मला मार्चमध्ये तळेगावला नोकरी लागली. त्याच महिन्यात काका आणि आत्या मुलीकडे नाशिकला गेले. तिसरा मजला आत्याच्या गुडघ्यांना झेपेना. निघायच्या दिवशी काकांनी चपला घातल्या, पण “निघ” म्हणायला त्यांना जरा वेळ लागला. मग म्हणाले, आणि आम्ही तिघांनी गॅस, नळ, गॅलरी, दिवे, सगळं क्रमाने केलं. दार आधी ओढून घेतलं, आणि किल्ली त्यांनी खुंटीऐवजी माझ्या हातावर ठेवली. आत्या जिन्यातून खाली जाईपर्यंत दोनदा मागे वळून म्हणाली, “गॅस बघितला ना गं?”

आबांची स्क्रिप्ट आता मी सांभाळते. काका नाशिकला गेल्यावर एकदा ती निवांत वाचायला घेतली. माझ्या नावाच्या फंक्शनमधले दोन ठिपके गेले होते. यादी छापून झाली की आता ते शेवटी मोठ्या अक्षरात एक ओळ छापतं: “आज एवढेच? मागच्या रविवारी किती होते ते बघा.” त्याच्या वर, कॉम्प्युटर वाचत नाही आणि फक्त माणसांसाठी असते तशी एक ओळ काकांनी लिहून ठेवली होती: ही उशिरा बोलते, पण बोलते.

आत्या, शेजारी, आबा, मावशी, सगळ्यांच्या नावाची फंक्शनं त्या फाईलमध्ये होती. काकांच्या नावाचं एकही नव्हतं. मग मी एक केलं. महिरपी कंस, त्यानंतर चपला काढायला जागा सोडून दोन ठिपके, अर्धविराम, कंस बंद. रोज सकाळी सातला स्क्रिप्ट सुरू झाली की ती सगळ्यात आधी त्या नावाला हाक मारते. काही होत नाही. पण दोन ठिपके आहेत, म्हणून चूकही येत नाही, आणि यादी छापायला लागते.